नागपुरातला फ्लूचा सीझन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झड लागली की माझा फोन वाजायला लागतो. मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी वॉर्डात, आता रिटायर होऊन मानेवाड्याकडे एका फ्लॅट स्कीममध्ये राहते, आणि स्कीममधले, जुन्या मोहल्ल्यातले, नात्यातले सगळे ताप आला की आधी मलाच विचारतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही, तुमच्या घरच्या पेशंटला तपासून जे डॉक्टर सांगतील तेच धरायचं, पण डॉक्टरकडे कधी जायचं आणि तोवर घरी काय करायचं हे तरी नीट माहीत असावं, कारण गडबड नेमकी तिथंच होते.

सिस्टर, फ्लू म्हणजे आपली सर्दीच ना? एवढं काय त्याचं?

नाही, सर्दी वेगळी. सर्दी हळूहळू चढते, नाक गळतं, शिंका येतात, माणूस ऑफिसला जातो-येतो. फ्लू एकदम आडवा पाडतो. सकाळी ठीक होता, दुपारी थंडी वाजली, संध्याकाळी १०२ ताप, अंग ठेचल्यासारखं, डोकं जड, घसा सोललेला, कोरडा खोकला, उठून पाणी घ्यायची ताकद नाही, असं. लहान पोरांना सोबत उलट्या-जुलाबही होतात. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप फारसा चढतच नाही, नुसते गळून जातात, जेवत नाहीत, बडबडतात, तेव्हा ताप नाही म्हणजे फ्लू नाही असं धरू नका.

तब्येत चांगली असलेल्या माणसाचा ताप बहुतेक वेळा ३-४ दिवसात उतरतो, अशक्तपणा आठवडाभर राहतो आणि खोकला त्याहून जास्त. १०० पैकी बहुतेक लोकं घरीच बरे होतात हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून घाबरू नका. पण उरलेल्या थोड्यांना निमोनिया होतो, आणि ते थोडे लोक आपल्याच घरातले असतात, आजी, सात महिन्यांची गरोदर सून, सहा महिन्यांचं बाळ. हे सगळं लिहायचा खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

नागपुरात हा नेमका कधी येतो? थंडीचाच आजार आहे ना?

थंड देशात थंडीतच येतो, पण आपल्याकडे वर्षातून दोनदा जोर करतो, एकदा पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि एकदा जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात झड लागली की चार-चार दिवस खिडक्या बंद, कपडे घरातच वाळून राहिले, पोट्टे घरात कोंडलेले, हवा खेळत नाही आणि एकाचा खोकला सगळ्यांच्या नाकात. हिवाळ्यातही तेच, रात्री गारठा म्हणून दारं-खिडक्या लावून सगळे एका खोलीत. २०१५ मध्ये जो मोठा फेरा आला तो जानेवारी ते मार्चचाच होता, त्या वर्षात देशात स्वाइन फ्लूच्या ४२ हजारांच्या वर केसेस आणि जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले, आणि नागपूरला त्याचा चांगलाच मार बसला होता. तेव्हा आमच्या वॉर्डात खाटा कमी पडल्या होत्या, ते दिवस मी विसरू शकत नाही.

स्वाइन फ्लू, एच३एन२, बर्ड फ्लू, हे सगळं एकच आहे का? आणि गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रातले वाघ मेले तो कोणता?

माणसांत दरवर्षी फिरतात ते मुख्यतः दोन गट, ए आणि बी. ए मध्ये एच१एन१ आणि एच३एन२ असे प्रकार. २००९ साली जो नवा एच१एन१ आला त्याला लोकं स्वाइन फ्लू म्हणायला लागले, त्या वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला महासाथ जाहीर केलं होतं, ऑगस्ट २०१० मध्ये ती संपली. पण व्हायरस गेला नाही, तो आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक झालाय. डुकरापासून होत नाही, माणसापासून माणसाला होतो. २०२३ च्या मार्चमध्ये बातम्यांत एच३एन२ होता, तोही जुनाच. लक्षणांवरून यातला कोणता ते कोणीच सांगू शकत नाही, आणि घरी काळजी घ्यायची तं सगळ्यांत सारखीच.

गोरेवाड्याला डिसेंबर २०२४ मध्ये ३ वाघ आणि १ बिबट गेले तो एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. तोही ए गटातलाच, पण तो पक्ष्यांचा. माणसाला क्वचित होतो, तोही आजारी कोंबड्या-पक्ष्यांच्या अगदी जवळ काम केल्यावर, आणि माणसातून माणसात तो असा सहज पसरत नाही. चिकन नीट शिजवलं असेल तर खायला हरकत नाही, सावजीच्या रश्श्यात तं ते चांगलंच शिजतं. फक्त कच्चं चिकन नळाखाली धार सोडून धुवू नका, शिंतोडे उडतात, आणि हाताळल्यावर हात साबणानं धुवा. कुठं कोंबड्या किंवा कावळे एकदम मरून पडलेले दिसले तर हात लावू नका, मनपाला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

घरात एकाला झाला की दोन दिवसांत सगळेच झोपतात, असं कसं होतं?

कारण माणूस आजारी दिसायच्या एक दिवस आधीपासूनच तो पसरवत असतो, आणि मग ५ ते ७ दिवस पसरवतच राहतो, लहान पोरं तं त्याहून जास्त. खोकला, शिंक, नुसतं बोलणं, यातून बारीक थेंब उडतात आणि जवळच्या माणसाच्या नाका-तोंडात जातात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस, बहुतेकांना २ दिवस लागतात. म्हणून सोमवारी पोराला ताप आला तं बुधवारी आई आणि गुरुवारी आजी.

दुसरा रस्ता हाताचा. स्टील, प्लास्टिक अशा गुळगुळीत वस्तूंवर हा व्हायरस २४ ते ४८ तास टिकू शकतो, म्हणजे दाराची कडी, मोबाईल, टीव्हीचा रिमोट, पाण्याच्या माठाचा ओगराळा, 'आपली बस' या शहर बसमधला दांडा. तिथं लागलेला हात नाकाला-डोळ्याला गेला की झालं. आणि इथं मला खर्र्याबद्दल, म्हणजे त्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल, बोलायचंच आहे. एका पन्नीत घोटलेला खर्रा चार मित्र बोटं घालून खातात, त्यातला एक खोकत असतो, मग तेच बोट तोंडात आणि वरून रस्त्यावर पिचकारी. खर्र्यानं कॅन्सर होतो, ते तुम्हाला शंभरदा सांगून झालंय, पण निदान फ्लूच्या सीझनमध्ये एकाच पन्नीत हात घालणं तरी बंद करा.

हात साबणानं २० सेकंद, म्हणजे बोटांच्या मधे आणि अंगठ्याला पण. बाहेर असाल तर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर. खोकला हातात घेऊ नका, कोपराच्या आतल्या बाजूला घ्या, कारण त्याच हातानं तुम्ही पुढं भाजी निवडता आणि पोराला घास भरवता.

आमच्या दोन खोल्या आहेत, माणसं सहा. वेगळं ठेवायचं कुठं?

हा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि याचं पुस्तकी उत्तर उपयोगाचं नाही. वेगळी खोली नसेल तर वेगळा कोपरा. पेशंटची गादी खिडकीजवळ, खिडकी उघडी, पाऊस आत येत असेल तर निदान फट ठेवा आणि पंख्याचा वारा पेशंटकडून बाहेर जाईल असा करा. बाकीच्यांनी झोपताना ३-४ फूट तरी अंतर आणि डोकी विरुद्ध बाजूला, म्हणजे एकाच्या तोंडासमोर दुसऱ्याचं तोंड नको. पेशंटची सेवा एकानंच करायची, आणि तो एक म्हणजे घरातला तब्येतीनं धडधाकट माणूस, आजी नको, गरोदर सून तं मुळीच नको. आपल्याकडे उलटं होतं, पोराला ताप आला की त्याला आजीच्या कुशीत देतात आणि बाकीचे कामावर जातात. हे मी किती घरांत पाहिलं आणि चौथ्या दिवशी आजी ऑक्सिजनवर.

पेशंटनं मास्क लावायचा, सेवा करणाऱ्यानंही जवळ जाताना लावायचा. ताटली, ग्लास, टॉवेल वेगळा, भांडी साध्या साबणानं धुतली तरी पुरतं, वेगळं काही औषध टाकायची गरज नाही. कपडे नेहमीच्या पावडरीत धुवून उन्हात, ऊन निघेल तेव्हा.

गाडीवर स्कार्फ बांधते मी, तो चालतो ना मास्क म्हणून?

काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सुती स्कार्फ ढिला असतो, कडेनं हवा जाते आणि दिवसभर तोच घामाचा-धुळीचा कपडा नाकावर. दवाखान्यात, गर्दीच्या बसमध्ये, पेशंटजवळ साधा तीन पदरी सर्जिकल मास्क लावा, ओला झाला की बदला, हनुवटीवर ओढून ठेवू नका.

ताप आलाय. घरी काय काय करायचं?

पहिलं म्हणजे झोपायचं. खरंच झोपायचं. ताप दाबून ऑफिसला जाणं यात काही मर्दुमकी नाही, तुम्ही स्वतःला आणि दहा जणांना आजारी करता.

तापाला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत ६ तास तरी जाऊ द्यायचे, ६५० ची असेल तर दिवसात ४ च्या वर नको. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि हे नीट वाचा, सर्दीच्या ज्या रंगीत गोळ्या मिळतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून तापाची वेगळी गोळी घेतली की डबल होतं आणि लिव्हरवर येतं. पाकिटावर वाचा. लहान पोरांना डोस वजनावर असतो, मोठ्याची गोळी अर्धी तोडून अंदाजानं देऊ नका. आणि पोरांना ॲस्पिरिन कधीच नाही, फ्लूमध्ये ते दिल्यानं मेंदू आणि लिव्हरवर परिणाम करणारा रेज सिंड्रोम म्हणून फार वाईट आजार होऊ शकतो.

पाणी घोटघोट सारखं, लिंबू सरबत, ओआरएस, ज्वारीची आंबील, पातळ वरण-भात, मुगाच्या डाळीची खिचडी, जे घशाखाली उतरेल ते. लघवी दर ५-६ तासांनी होते का आणि रंग फिका आहे का हे बघत राहा. संत्र्यानं खोकला वाढतो असं आपल्या नागपुरातच लोकं म्हणतात याचं मला वाईट वाटतं, पेशंटला खावंसं वाटत असेल तर खाऊ द्या, घसा जळत असेल तर नका देऊ, इतकंच. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या चांगल्या. एक वर्षाच्या वरच्या पोराला झोपताना चमचाभर मध चालतो, खोकल्याला आराम पडतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी.

काढा, वाफ, कापराची पोटली?

आलं-तुळशीचा साधा काढा दिवसातून एकदोनदा घ्या, घशाला बरं वाटतं, पण त्यानं व्हायरस मरत नाही. मोठ्यांनी वाफ घेतली तर नाक मोकळं होतं. लहान पोराला गरम पाण्याच्या गंजावर वाकवू नका, पाणी सांडून भाजलेली पोरं मी वॉर्डात सांभाळली आहेत, फ्लू राहिला बाजूला आणि महिनाभर ड्रेसिंग. कापूर-विलायचीची पोटली २००९ मध्ये प्रत्येकाच्या रुमालात होती, त्यानं लागण थांबत नाही, आणि कापूर पोराच्या पोटात गेला तर झटके येतात, म्हणून हाताला लागेल असा ठेवू नका.

औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकचा तीन दिवसांचा कोर्स आणला, चालेल ना?

नाही चालणार. फ्लू व्हायरसचा, अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तो उतरणारच होता, पण श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच गोळी. मार्च २०२३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननं स्वतः डॉक्टरांना आणि लोकांना सांगितलं होतं की ताप-खोकल्यात अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्ह अशी औषधं सरसकट देऊ-घेऊ नका. फ्लूनंतर बॅक्टेरियाचा निमोनिया झाला तर अँटिबायोटिक लागतं, पण ते तपासून डॉक्टर ठरवतील. तसंच ते कोपऱ्यावरचं एक सुई मारून ताप उतरवणं, त्यात बरेचदा स्टेरॉइड नाही तर दुखण्याचं इंजेक्शन असतं, माणूस एक दिवस ताजा वाटतो आणि आतून आजार वाढत राहतो.

टॅमीफ्लू सगळ्यांनी घ्यावी का?

सगळ्यांनी नाही, पण ज्यांना लागते त्यांना उशीर झालेला चालत नाही. औषधाचं नाव ओसेल्टामिविर, मोठ्यांना साधारण ७५ ची कॅप्सूल दिवसातून दोनदा ५ दिवस, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर फायदा सगळ्यात जास्त. गंभीर पेशंटला नंतरही देतात, कारण नाही देण्यापेक्षा उशिरा दिलेली बरी. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. कोर्स पूर्ण करायचा, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत.

सरकारी गाईडलाईनमध्ये पेशंटचे तीन गट आहेत, ते समजून घ्या म्हणजे डॉक्टर असं का करतात ते कळेल. ए म्हणजे साधा ताप, खोकला, अंगदुखी, याला टेस्टही नको आणि टॅमीफ्लूही नको, घरी आराम आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघायचं. बी म्हणजे ताप खूप आणि घसा फार धरलेला, किंवा लक्षणं साधीच पण पेशंट धोक्याच्या गटातला, यांना घरीच ठेवून टॅमीफ्लू देतात. सी म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, बीपी पडणं, थुंकीत रक्त, नखं निळी, यांना लगेच भरती आणि टेस्ट, आणि औषध रिपोर्टची वाट न पाहता सुरू.

२०१५ ची एक बाई मला अजून डोळ्यासमोर दिसते. सातवा महिना. पहिल्या दिवशी ताप, घरच्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, सुई दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई, तिसऱ्या दिवशी सलाईन, "व्हायरल आहे, उतरेल." ती गरोदर आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण फ्लूचं औषध कोणाला सुचलं नाही, आणि घरच्यांना विचारायचं माहीत नव्हतं. सहाव्या दिवशी आमच्याकडे आली तेव्हा एक वाक्य एका श्वासात बोलता येत नव्हतं. ती वाचली, बाळ नाही वाचलं. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं होतं की सिस्टर, आम्ही दुसऱ्या दिवशी आलो असतो तर? मी त्याला काही बोलले नाही. तुम्हाला सांगते, घरात गरोदर बाई असेल आणि सीझनमध्ये तिला ताप-खोकला आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि स्वतः तोंडानं विचारा, "डॉक्टरसाहेब, ही गरोदर आहे, टॅमीफ्लू द्यायची का?" गरोदरपणात ती देता येते.

धोक्याच्या गटात कोण कोण?

६५ च्या वरचे, ५ वर्षांच्या आतली पोरं आणि त्यातही २ च्या आतली, गरोदर बाया आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे, डायबिटीस, दमा, हार्ट, किडनी, लिव्हरचे पेशंट, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले, स्टेरॉइड घेणारे, फार जाड असलेले. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सिकलसेलचे पेशंट इथं घराघरांत आहेत आणि फ्लू त्यांना क्रायसिसमध्ये, म्हणजे अचानक तीव्र दुखण्यात, ढकलू शकतो, छातीत फुफ्फुसाचा त्रास होऊ शकतो, म्हणून सिकलसेलच्या पोराला ताप आला की घरी दोन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

डायबिटीसवाल्यांनी तापात जेवण कमी झालं म्हणून इन्सुलिन मनानं बंद करू नये, तापात शुगर उलट वाढते, दिवसातून जास्त वेळा तपासा आणि डोसचं डॉक्टरला फोन करून विचारा. दम्यावाल्यांनी पंप उशाशी ठेवावा.

डेंग्यू आहे की फ्लू, कसं ओळखायचं?

पावसाळ्यात नागपुरात हा घोळ दरवर्षी होतो. साधारण अंदाज असा की फ्लूमध्ये खोकला, घसा, नाक हे असतंच. डेंग्यूमध्ये खोकला-सर्दी फारशी नसते, डोळ्यांच्या मागं दुखतं, हाडं मोडल्यासारखी दुखतात, अंगावर पुरळ येतं, हिरड्यातून रक्त, पोटात दुखणं. पण हा नुसता अंदाज, त्यावर ठरवू नका, ताप तिसऱ्या दिवशीही असेल तर डॉक्टरला दाखवून रक्त तपासा. आणि जोवर डेंग्यू नाही हे कळलं नाही तोवर पॅरासिटामॉल सोडून दुखण्याची दुसरी गोळी नको, ना आयबुप्रोफेन, ना डायक्लोफिनॅक, कारण डेंग्यूत त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. शेतात, गवतात काम करणाऱ्यांनी स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप, हाही लक्षात ठेवा, २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. अंगावर, काखेत, जांघेत सिगारेटनं पोळल्यासारखा काळा डाग दिसला तर तो डॉक्टरला मुद्दाम दाखवा.

कधी पळायचं? म्हणजे रात्री दोन वाजता पण?

हो, रात्री दोनला पण. मोठ्या माणसाला बसल्याजागी दम लागणं, छातीत दुखणं, बरळणं किंवा झोपेतून नीट न उठणं, ओठ-नखं निळसर, थुंकीत रक्त, लघवी बंद, पाणीही पोटात न टिकणं, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात असेलच, सेल बदला, बोट कोमट करा, नेलपॉलिश पुसा, मग मोजा, ९४ च्या खाली दाखवत असेल तर निघा. पण आकडा चांगला आहे आणि माणूस धापा टाकतोय तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, माणसाकडे बघा.

पोरांचं श्वास मोजून बघा. शांत असताना पोटावरचा शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं, २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात आहे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जाते, दूध ओढत नाही, ८ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, झटका आला, उठवून उठत नाही, तं लगेच.

आणि एक फसवी गोष्ट. ताप उतरला, माणूस दोन दिवस बरा वाटला, आणि मग पुन्हा ताप चढला, खोकला वाढला. हे बहुतेक वेळा निमोनिया असतं. "मागचाच आहे, जाईल" म्हणून बसू नका.

१०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स फुकट आहे. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, ही मोठी सरकारी हॉस्पिटलं. साध्या तापाला मात्र तिथं जाऊन तासन्‌तास लाईनमध्ये खोकत बसण्यापेक्षा मनपाच्या जवळच्या दवाखान्यात किंवा नेहमीच्या डॉक्टरकडे जा.

टेस्ट करून घ्यावी का सगळ्यांची?

नको. घशातून-नाकातून स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर होते, ती भरती झालेल्यांना, गंभीर असलेल्यांना आणि डॉक्टरला गरज वाटेल त्यांना. साध्या फ्लूत रिपोर्ट येईपर्यंत माणूस बरा होतो. झटपट किट निगेटिव्ह आलं म्हणजे फ्लू नाही असं पक्कं नसतं.

लसीबद्दल सांगा. मागच्या वर्षी घेतली होती, पुन्हा कशाला?

व्हायरस दरवर्षी थोडा थोडा रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार टाकायचे ते सांगते आणि लस नवी बनते. शिवाय लसीनं आलेली ताकद काही महिन्यांत उतरते. म्हणून दरवर्षी एक डोस. ९ वर्षांच्या आतल्या पोराला पहिल्यांदाच देत असाल तर ४ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला देता येत नाही, म्हणून त्याच्या आईनं गरोदरपणात घ्यायची, आईकडून थोडं संरक्षण बाळाला मिळतं.

कधी घ्यायची तं आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये. राहिली असेल तर हिवाळ्याच्या आधी घ्या. काम करायला दोन आठवडे लागतात, शेजारी आजारी पडल्यावर धावत जाऊन त्याच दिवसापासून संरक्षण मिळत नाही. डॉक्टरला विचारून सगळ्यात नवीन स्ट्रेनची घ्या.

लसीनं फ्लू होतो का, तर इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो हे खरं आहे, लस आणि व्हायरस जुळला त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण मिळतं. कमी वाटेल, पण लस घेतलेला माणूस आजारी पडला तरी आयसीयूपर्यंत जायची शक्यता कमी होते, आणि मला तेवढं पुरेसं आहे, मी स्वतः दर वर्षी घेते. अंड्याची ॲलर्जी असली तरी आता चालते, फक्त डॉक्टरला आधी सांगा. महाराष्ट्रात गरोदर बायांना आणि डायबिटीस-बीपीवाल्यांना सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत द्यायची व्यवस्था राहिलेली आहे, स्टॉक असतो-नसतो, म्हणून डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात किंवा जवळच्या मनपा दवाखान्यात आधी विचारा आणि मगच खाजगीत पैसे घाला.

पोराला शाळेत कधी पाठवू? परीक्षा आहे.

गोळी न देता ताप पूर्ण २४ तास नाही, तेव्हा. सकाळी सिरप पाजून ताप उतरवून व्हॅनमध्ये बसवू नका, त्या व्हॅनमध्ये दहा पोरं खेटून बसलेली असतात. आणि ही कमीत कमी अट झाली, सरकारी सल्ला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ७ दिवस घरी राहायचा आहे. शाळावाल्यांनाही माझी विनंती आहे, १०० टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा, त्यासाठी आया आजारी पोरं पाठवतात. कामावर जाणाऱ्यांचंही तसंच, आणि घरी काम करायला येणाऱ्या मावशीला ताप असेल तर तिचा पगार न कापता तिला सुट्टी द्या, ती दिवसात चार घरं करते.

बाळाला दूध पाजू का? मलाच ताप आहे.

पाजा. दुधातून फ्लू जात नाही, उलट दुधातून त्याला संरक्षण मिळतं. हात धुवा, मास्क लावा, चेहऱ्याजवळ खोकू नका. फार अशक्त असाल तर दूध काढून दुसऱ्याकडून वाटी-चमच्यानं पाजा.

मारबतीला, गणपतीला जायचंच नाही का मग?

जा ना. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीचे पुतळे मिरवतात तेव्हा आपण सगळे ओरडतो, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत", माझ्या लहानपणापासून मी ते ओरडत आलीय आणि मला ती मिरवणूक फार प्रिय आहे. पण ती ऐन फ्लूच्या दिवसांतच येते आणि महालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. ज्याला ताप-खोकला आहे त्यानं त्या वर्षी घरी राहायचं. बाकीच्यांनी जा, आजीला आणि गरोदर सुनेला गर्दीच्या मधोमध न नेता एखाद्या ओळखीच्या घराच्या गॅलरीतून दाखवा. घरी आल्यावर आधी हात-तोंड साबणानं, मग बाळाला हातात घ्या. गणपतीतही तेच, मंडळवाल्यांनी मांडवाला दोन बाजू उघड्या ठेवा आणि प्रसाद एकानंच चमच्यानं वाटा.

ताप जाऊन पंधरा दिवस झाले, खोकला काही जात नाही. काही राहिलं का आत?

फ्लूचा खोकला ३ आठवड्यांपर्यंत राहू शकतो, श्वासनळीची आतली कातडी सोललेली असते ती भरायला वेळ लागतो. कमी कमी होत असेल, ताप नसेल, वजन-भूक ठीक असेल तर कोमट पाणी, मध, धूर-धूळ-अगरबत्तीपासून लांब आणि थोडी वाट. खोकल्याच्या बाटल्या एकावर एक नका पिऊ, त्यानं झोप येते, बाकी विशेष होत नाही, आणि लहान पोरांना तं डॉक्टरशिवाय देऊच नका. पण २ आठवड्यांच्या वर खोकला गेला की एकदा थुंकीची तपासणी करून घ्या, टीबीची, मनपाच्या दवाखान्यात फुकट होते. फ्लूनंतरचा समजून टीबी अंगावर काढलेले पेशंट मी पाहिलेत. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर उद्याच जा, सकाळी चूळ भरून, लस्सीसारखा घट्ट बेडका आणायचा, नुसती लाळ नाही.